नळीतला रोग आणि शेतातला रोग

(लखनौच्या अमीनाबादेत मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



लखनौत मराठी माणूस बोलायला उभा राहिला की भातखंड्यांचं नाव घेतल्याशिवाय त्याची गाडी पुढे सरकत नाही. १९२६ साली त्यांनी इथं संगीताचं मॅरिस कॉलेज सुरू केलं, रातंजनकरांनी ते वाढवलं. मी नाव घेतलं, आता विषयाकडे वळतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतंय ते विज्ञान शिकवत आणि वर्गात कुणी प्रश्न विचारला नाही तर चिडत, असं आयोजकांनी मला सांगितलं. तेव्हा शेवटी भरपूर प्रश्न विचारा. गडबडझाला बाजारातली गर्दी आणि वाटेतली कुल्फी या दोन्ही गोष्टी ओलांडून तुम्ही वनस्पतींच्या रोगांवर ऐकायला आलात, हीच मोठी गोष्ट आहे.

समोर बसलेल्यांत खानापूर, आटपाडी, विटा या भागातली बरीच घरं दिसतात. तुम्ही इथं सोनं-चांदी गाळता आणि गावाकडे भावाचा ऊस असतो, चुलत्याची डाळिंबाची बाग असते. म्हणून आज दोन रोगांवर विशेष बोलणार आहे. एक या मुलखातला, उसाची लाल कूज. दुसरा तुमच्या गावाकडचा, डाळिंबाचा तेल्या. माझा प्रश्न मात्र शेतातल्या रोगाचा नाही. शेतातून आणून प्रयोगशाळेत नळीत घालून ठेवलेल्या रोगाचा आहे. दहा, वीस, पन्नास वर्षं ठेवलेला हा जीव आणला होता तसाच राहतो का?

आधी ही नळी म्हणजे काय ते सांगतो. लाल कुजेचा ऊस उभा चिरला तर आतला गर लाल झालेला दिसतो. त्या लालीत मधूनमधून आडवे पांढरे पट्टे असतात आणि आंबल्यासारखा, दारूकडे झुकणारा वास येतो. या लाल गराचा तांदळाएवढा तुकडा घ्यायचा, ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून बाहेरची घाण मारायची, स्वच्छ पाण्यात धुवायचा आणि आगरवर, म्हणजे थिजवलेल्या पोषक माध्यमावर, ठेवायचा. आगर बहुधा बटाट्याचं असतं. एक लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि थिजण्यापुरतं आगर. उपवासाला चालेल असाच पदार्थ आहे. चार-पाच दिवसांत तुकड्याभोवती बुरशी पसरते. तिचा एक बीजाणू वेगळा करून वाढवला की शुद्ध कल्चर झालं. ते तिरक्या आगरच्या नळीत घालून, वर कापसाचा बोळा आणि नंबर देऊन फ्रिजमध्ये जातं. आगर सुकायच्या आत, म्हणजे तीन-चार महिन्यांनी, त्यातला कण नव्या नळीत घालायचा. याला सबकल्चर म्हणतात. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत अजूनही बहुतेक कल्चर अशीच जगतात.

या क्रियेत काय बिघडतं ते पेट्री डिशमध्ये डोळ्यांना दिसतं. बुरशी मधून बाहेर गोल पसरत असते, रंग सगळीकडे सारखा असतो. मग एखाद्या दिवशी कडेला एक फाक दिसते. मध्यापासून कडेपर्यंत रुंद होत गेलेली, बाकीपेक्षा पांढरी, कापसासारखी फुललेली, आणि बीजाणू जवळजवळ नसलेली. त्या फाकेतला कण उचलून दुसऱ्या डिशमध्ये लावला तर तिथं सगळीच बुरशी पांढरी आणि फुललेली येते. पुन्हा लावा, पुन्हा तशीच. मूळच्या बुरशीकडे ती परतत नाही.

या विषयाचा लखनौशी जुना संबंध आहे. गोमतीपलीकडच्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले सचिंद्रनाथ दासगुप्ता तरुणपणी लंडनला विल्यम ब्राऊन यांच्या हाताखाली काम करत होते. सायटोस्पोरिना नावाच्या बुरशीत अशा फाका कशा पडतात, त्यांतून निघणाऱ्या वेगळ्या रूपांचं काय होतं, यावर त्यांचा निबंध १९३० साली ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’त आला. त्या काळी या प्रकाराला ‘सॉल्टेशन’ म्हणत. डीएनए हे आनुवंशिक द्रव्य आहे हे तेव्हा ठरलेलं नव्हतं, त्यामुळे हाती होती ती पेट्री डिश, वही आणि चिकाटी. लखनौत आल्यावर दासगुप्तांनी वीटभट्टीच्या धुरानं आंब्याचं टोक काळं पडतं त्याचाही अभ्यास केला आणि लोकांना ते त्यामुळे जास्त आठवतात. मला त्यांचं आधीचं काम मोठं वाटतं. नळीतली बुरशी स्थिर नसते हे त्यांनी आणि ब्राऊन यांच्या इतर विद्यार्थ्यांनी इतक्या काटेकोरपणे मांडलं, की पुढच्या माणसाला ‘माझं कल्चर जुनं आहे पण चांगलं आहे’ असं म्हणण्याची सोय उरली नाही. तरी माणसं म्हणतातच.

असं का होतं? शेतात या बुरशीला बरीच कामं असतात. पानावर टिकायचं, उसाच्या सालीतून आत घुसायचं, उसाच्या बचावयंत्रणेला चकवणारी प्रथिनं तयार करायची, बीजाणू करून पावसाच्या थेंबाबरोबर उडायचं. नळीत यांतलं एकही काम नसतं. बटाटा आणि साखर आयती, वारा नाही, शत्रू नाही. अशा ठिकाणी ज्या पेशीत घुसण्याची किंवा बीजाणू करण्याची यंत्रणा मोडली तिचं काहीच बिघडत नाही. उलट ती खर्च वाचवून जोरात वाढते. जोरात वाढणारा भाग कडेला येतो, आणि सबकल्चर करणारा माणूस सुई घेऊन नेमका कडेचा ताजा, छान दिसणारा भाग उचलतो. निवड जीव करत नाही, त्या माणसाच्या हातातली सुई करते. वर्षाला तीन-चार वेळा, अशी दहा-वीस वर्षं.

बदल नेमका कुठं होतो याची उत्तरं गेल्या पन्नास वर्षांत मिळाली. त्यातलं एक सविस्तर सांगतो, कारण त्यानं जगाची शेती बदलली.

ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू झाडांच्या बुंध्यावर गाठी आणतो. १९५८ साली न्यूयॉर्कच्या चेरीच्या झाडावरून मिळालेला त्याचा सी ५८ हा वंश जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. १९७१ साली हॅमिल्टन आणि फॉल या दोघांनी दाखवलं की हा जिवाणू ३६-३७ अंश तापमानात काही दिवस वाढवला तर तो जगतो, वाढतो, पण गाठी आणण्याची शक्ती कायमची घालवून बसतो. त्याची नेहमीची सोय २८ अंशांची. आठ-नऊ अंशांचा फरक, आणि रोगजंतू निरुपद्रवी. असं होण्यासाठी त्यानं काय गमावलं? बेल्जियममधल्या घेंट या गावच्या जेफ शेल आणि मार्क व्हॅन मॉन्टॅग्यू यांच्या गटानं १९७४ साली उत्तर दिलं. रोग आणणाऱ्या जिवाणूत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचं एक मोठं वेगळं वर्तुळ असतं, आज त्याला टीआय प्लाझ्मिड म्हणतात. उष्णतेत ते वर्तुळ पुढच्या पिढीत उतरत नाही. याच वर्तुळाचा एक तुकडा जिवाणू झाडाच्या पेशीत सोडतो हे कळल्यावर माणसानं त्या तुकड्याच्या जागी आपल्याला हवा तो जीन घालायला सुरुवात केली. २००२ साली भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कापसात असा जीन ॲग्रोबॅक्टेरियमनंच पोचवलेला आहे. विदर्भातल्या कापसाची कहाणी एका अर्थानं प्रयोगशाळेत शक्ती हरवून बसलेल्या जिवाणूपासून सुरू होते. आणि लखनौच्या मे महिन्यात वीज गेली तर बंद खोलीतला पारा ३७ च्या किती वर जातो, ते तुम्हीच मला सांगा.

कोकण-गोव्यात वांगं आणि टोमॅटो उभ्याउभ्या मरतात, ते राल्स्टोनिया या जिवाणूमुळे. तो प्रयोगशाळेत आणला की काही दिवसांतच शक्ती टाकू लागतो. आर्थर केलमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५४ साली जिवाणू वाढताना तांबडं होणाऱ्या एका रसायनाचं माध्यम तयार केलं, त्यावर हा बदल रंगावरून ओळखता येतो. रोग आणणाऱ्या वसाहती पाणचट, पांढऱ्या, मध्ये गुलाबी झाक असलेल्या. शक्ती गेलेल्या लहान, कोरड्या, गडद लाल. पुढे कळलं की बऱ्याच वेळा यामागे पीएचसीए या एकाच जीनमधला बिघाड असतो. आणि गंमत अशी की या जिवाणूला खाऊपिऊ घालून आगरवर सांभाळलं तर तो बिघडतो, पण निव्वळ निर्जंतुक पाण्यात घालून खोलीच्या तापमानाला ठेवला तर वर्षानुवर्षं रोग आणण्याजोगा राहतो. उपाशी ठेवलेला जीव कमी वाढतो, कमी वाढला म्हणजे कमी बदलतो.

बुरशांमध्ये याहून मोठी उलथापालथ होते. काही रोगकारक बुरशांत नेहमीच्या गुणसूत्रांखेरीज जादा गुणसूत्रं असतात. ती नसली तरी बुरशी नळीत मजेत जगते, पण काही बाबतींत रोग आणायची सामग्री नेमकी तिथंच असते. टोमॅटोच्या मर रोगाच्या फ्युजेरियममध्ये असं एक गुणसूत्र आहे. २०१० साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते एका निरुपद्रवी वंशात घातलं तर तो वंश रोग आणू लागतो. गव्हाच्या पानांवर करपा आणणाऱ्या झायमोसेप्टोरियात अशी आठ जादा गुणसूत्रं आहेत. २०१८ साली जर्मनीतल्या एका गटानं ही बुरशी फक्त चार आठवडे प्रयोगशाळेत वाढवली, तेवढ्यात काही पेशींतून त्यातली गुणसूत्रं गायब झालेली सापडली. तापमान वाढवलं तेव्हा हे प्रमाण कितीतरी वाढलं. चार आठवडे! आपल्याकडच्या नळ्या चाळीस वर्षांच्या आहेत.

मग कुणी म्हणेल, वाढूच दिलं नाही तर? तेही पुरत नाही. एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूचं एक कल्चर आगरमध्ये टोचून, बूच लावून सुमारे तीस वर्षं तसंच पडून होतं. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वर्नर आर्बर यांच्या गटानं त्या एकाच नळीतून शेकडाभर वसाहती वेगळ्या करून त्यांचा डीएनए तपासला. त्या एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या होत्या. डीएनएमध्ये इकडून तिकडे उड्या मारणारे छोटे तुकडे असतात, त्यांनी तीस वर्षांत जागा बदलल्या होत्या. आर्बर यांना नोबेल १९७८ साली दुसऱ्या कामासाठी मिळालं होतं, पण म्हातारपणी त्यांनी केलेलं हे काम मला फार आवडतं. झोपलेल्या नळीत कुणी झोपलेलं नव्हतं.

आता हे सगळं तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. गलाईत कस लावताना आलेल्या सोन्याची रेघ आणि तुमच्याजवळच्या नमुन्याची रेघ शेजारीशेजारी ओढता. आता मशीन आलं, पण वडिलांच्या हाताखाली हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तुम्ही बावीस कॅरेट म्हणून जपलेला नमुना तुमच्या नकळत वीसचा झाला, तर दोष दिसणार नाही. उलट सगळ्या गिऱ्हाइकांचं सोनं चांगलं निघायला लागेल.

रोगशास्त्रात हा नमुना म्हणजे ते कल्चर. रायबरेली रोडवर भारतीय ऊस संशोधन संस्था आहे, १९५२ साली सुरू झालेली. देशभरच्या ऊस संशोधनाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं मुख्यालयही तिथंच आहे. उसाचं नवं वाण शेतकऱ्याला द्यायच्या आधी ते लाल कुजेला किती टिकतं हे पाहावं लागतं. त्यासाठी कृत्रिम रोगलागण करतात. पावसाळ्यात उभ्या उसाच्या खालून तिसऱ्या कांड्याला भोक पाडायचं, बीजाणू मिसळलेल्या पाण्याचे थेंब त्यात सोडायचे, भोक बंद करायचं. साधारण साठ दिवसांनी ऊस कापून उभा चिरायचा. वरचा शेंडा हिरवा आहे की सुकला, लाली किती रुंद, पांढरे डाग किती, रोगानं पेरं ओलांडलं की नाही, हे बघून शून्य ते नऊ गुण द्यायचे. ही पद्धत चोणा यांनी पन्नासच्या दशकात बसवली, गुणपद्धत श्रीनिवासन आणि भट यांची १९६१ ची. मी चिरलेले ऊस ओळीनं मांडलेले पाहिले आहेत. एका वाणाचा ऊस आतून रक्तासारखा, शेजारच्या वाणाचा भोकापाशी नखाएवढा डाग आणि बाकी पांढराशुभ्र. वाण प्रतिकारक आहे, असं त्या पांढऱ्या उसाकडे बघून लिहिलं जातं.

पण तो पांढरा राहिला तो स्वतःच्या बळावर, की टोचलेली बुरशीच मरगळलेली होती म्हणून? पाण्यात बीजाणू किती हे मोजता येतं, एका मिलिलिटरला दहा लाख करून घेता येतात. त्यांच्यात दम किती, हे मोजणीच्या काचेवर दिसत नाही. म्हणूनच ऊस रोगशास्त्रातली जाणती माणसं टोचणीच्या आधी कल्चर एखाद्या संवेदनशील उसातून फिरवून आणतात, म्हणजे उसात टोचून, रोग आला की त्यातून पुन्हा वेगळं काढतात. म्हणूनच प्रत्येक चाचणीत हमखास बळी पडणारं एक वाण लावतात. ते वाण नीट मेलं तरच बाकीचे गुण ग्राह्य. चाचणीत एखादं पीक मेल्यावर समाधान वाटावं, असं हे आमचं शास्त्र आहे.

फिरवून आणण्यातही धोका आहे. एकाच वाणातून वारंवार फिरवलं तर बुरशी त्या वाणाला सरावते आणि बाकीच्यांवर वेगळी वागते. नळीत ठेवा, बदलते. उसातून फिरवा, बदलते, फक्त वेगळ्या दिशेनं. मधला रस्ता एवढाच, की कमीत कमी वेळा हात लावायचा आणि लावला तर नोंद ठेवायची.

लाल कुजेच्या बुरशीचं शास्त्रीय नाव कोलेटोट्रायकम फाल्केटम. तिची दोन ठळक रूपं जुन्या लोकांना माहीत होती. फिकट रंगाची, भरपूर बीजाणू करणारी, जहाल. आणि गडद, कमी बीजाणूंची, सौम्य. १९३८ ते १९४० च्या सुमारास पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये को २१३ हे वाण लाल कुजेनं उद्ध्वस्त झालं, तेव्हा शेतातून हे फिकट रूप मिळालं. चोणा आणि पॅडविक यांनी १९४२ साली त्यावर लिहिलं. नळीत जुनं झालेलं कल्चर हे रूप टिकवेलच याची खात्री नसते.

अलीकडचं उदाहरण को ०२३८ चं. कर्नालला तयार झालेलं, २००९ च्या सुमारास शेतकऱ्यांपर्यंत आलेलं हे वाण उत्तर प्रदेशातल्या बहुतेक उसाच्या शेतांत पोचलं. साखरेचा उतारा वाढला, कारखाने खूश, शेतकरी खूश. मग काही वर्षांत लाल कूज आली आणि २०२० च्या आसपास ते वाण काढा, दुसरं लावा अशी मोहीम निघाली. हे नळीतल्या कल्चरमुळे झालं असं मी अजिबात म्हणत नाही. शेतातली बुरशी पुढे गेली, तिच्या या नव्या रूपाला आज सीएफ १३ असा क्रमांक आहे, आणि जुन्या क्रमांकांच्या बुरशीवर तपासलेलं वाण तिच्यापुढे टिकलं नाही. पण आपली पंचाईत अशी की शेतातली बुरशी एका दिशेनं जात असते आणि नळीतली दुसऱ्या. चाचणीचा निकाल या दोहोंच्या मध्ये कुठंतरी लटकलेला. सांगली-साताऱ्याच्या लोकांना को-सी ६७१ आठवत असेल, लवकर येणारा आणि साखर भरपूर देणारा ऊस. तामिळनाडूत तो लाल कुजेनं मागे पडला. त्यावरून मिळालेल्या बुरशीच्या वंशाचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतल्या विश्वनाथन यांच्या गटानं २०१६ साली प्रसिद्ध केला, सुमारे ४८ दशलक्ष अक्षरांचा. म्हणजे आता या बुरशीचं निदान एका तारखेचं लेखी वर्णन आपल्याकडे आहे. वीस वर्षांनी त्याच नळीतली बुरशी पुन्हा वाचली तर किती घसरली ते ताडून पाहता येईल.

आता आटपाडी. डाळिंबावरचा तेल्या झान्थोमोनास जिवाणूमुळे येतो. पानावर तेलकट डाग, फळावर काळे डाग, मग फळ तडकतं आणि ‘भगवा’ वाणाचा सोन्यासारखा माल उकिरड्यावर जातो. महाराष्ट्रात त्यानं या शतकाच्या सुरुवातीला हाहाकार केला, सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा कुणी सुटलं नाही. २००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं. पण हा जिवाणू मुळात सापडला दिल्लीत, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. हिंगोरानी आणि सिंग यांनी १९५९ साली त्याला नाव दिलं. त्या जुन्या दिल्लीच्या जिवाणूचा वंश एलएमजी ८५९ या क्रमांकानं घेंटच्या संग्रहात आहे. होय, तेच घेंट. आणि त्याचा जीनोम २०१२ साली चंदीगडच्या इम्टेक या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत वाचला गेला.

आता कुणी आटपाडीच्या आजच्या बागेतला जिवाणू घेऊन त्याची या जीनोमशी तुलना केली आणि फरक निघाले, तर ते कुणाचे? बागेत जिवाणू बदलला त्याचे, की परदेशात दशकानुदशकं नळीत पडून बदलला त्याचे? हा प्रश्न पुस्तकी नाही. बागेतले फरक खरे असतील तर औषध आणि वाण बदलावं लागेल. नळीतले असतील तर आपण उगाच घाबरलो. सुदैवानं यातून सुटायला वाट आहे. जगातले मोठे संग्रह एकच वंश एकमेकांना देतात. त्याच्या वेगवेगळ्या संग्रहांतल्या प्रती वाचल्या तर ज्या बाबतीत त्या एकमेकींपासून वेगळ्या निघतील तेवढं नक्की नळीत झालेलं. स्यूडोमोनास या जिवाणूचा पीएओ १ हा वंश मेलबर्नला १९५४ साली मिळाला आणि जगभर वाटला गेला. आज निरनिराळ्या प्रयोगशाळांतल्या त्याच्या प्रती एकसारख्या नाहीत हे सिद्ध झालेलं आहे.

याच झान्थोमोनासच्या घराण्याशी पुण्याचं जवळचं नातं आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांत पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल, कुलकर्णी, धांडे, भिडे या मंडळींनी आंबा, गवार, चिंच आणि कितीतरी पिकांवरचे असे जिवाणू शोधून नावं दिली. त्यांतले अनेक वंश आजही इंग्लंड, बेल्जियम, न्यूझीलंडच्या संग्रहांत जगतात, आणि अलीकडे त्यांतल्या बऱ्याच जणांचे जीनोम वाचून त्यांची घराणी नव्यानं लावली गेली. सत्तर वर्षांपूर्वी कुणी ते वंश पार्सल करून पाठवले नसते तर यातलं काहीच झालं नसतं.

एक गोष्ट मात्र बदलत नाही, मेलेली. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्यानं दुष्काळ पडला. त्या काळातली वाळवलेली रोगट पानं लंडनच्या क्यू आणि म्युनिकच्या वनस्पतिसंग्रहांत होती. २०१३ साली त्यांतून त्या वेळच्या करप्याचा डीएनए काढून वाचला गेला आणि दुष्काळ आणणारा नेमका वंश कळला. वाळलेल्या पानातला डीएनए तुटतो, झिजतो, पण त्यात निवड होत नाही, आणि तुटण्याची तऱ्हा ओळखीची असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा बुरशांचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. श्री. ल. अजरेकरांनी १९१६ साली उसाच्या काणीवर लिहिलं होतं. अशा संग्रहांना लोक जुनी कागदपत्रं समजतात. माझ्या मते जिवंत कल्चर खरं बोलतंय की नाही हे तपासायला त्यांच्याइतका विश्वासू साक्षीदार नाही.

उपाय सगळ्यांना माहीत आहेत. कल्चर वेगळं केल्याबरोबर, पहिल्या-दुसऱ्या पिढीतच, बऱ्याच प्रती गोठवून वाळवायच्या किंवा द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवायच्या. भाताच्या करप्याची बुरशी गाळणकागदाच्या तुकड्यांवर वाढवून, वाळवून गोठवली तर चांगली टिकते, त्याला फारसे पैसेही लागत नाहीत. तांबेऱ्याचं मात्र अवघड आहे. तो आगरवर नीट वाढत नाही, म्हणून महाबळेश्वरच्या केंद्रात गव्हाचा तांबेरा जिवंत रोपांवरच सांभाळावा लागतो. पुण्याच्या आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, याच राज्यातल्या मऊला कृषी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. सोय आहे. नसते ती नोंद. किती प्रयोगशाळांत नळीवर ‘हे कितवं सबकल्चर’ हे लिहिलेलं असतं? विद्यार्थ्याची पीएचडी झाली की त्याची कल्चर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जातात. तिथून पुढच्या विद्यार्थ्याला मिळतात आणि तो निष्ठेनं त्यावर प्रबंध लिहितो. असे निष्कर्ष चुकीचेच असतात असं नाही. पण कल्चर कुठून आलं, कधी आलं आणि कितव्यांदा हललं हे ज्या शोधनिबंधात नाही, तो मी शंकेनं वाचतो, आणि परीक्षकांनी असे निबंध परत पाठवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा बागेत नेहमीपेक्षा वेगळा डाग दिसला, किंवा प्रतिकारक म्हणून घेतलेलं वाण आजारी पडलं, तर ते झाड उपटून जाळायच्या आधी चार-पाच रोगट पानं कोरड्या कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पानं आत सडतात. पाकिटावर गाव, तारीख, वाण आणि शेवटची फवारणी लिहा. डाळिंब असेल तर सोलापूरच्या केंद्राला, दुसरं पीक असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला तीन-चार दिवसांच्या आत पोचवा, आणि ‘हे कल्चर संग्रहात जमा कराल ना?’ हे तिथल्या माणसाला तोंडानं विचारा.